चांगल्या डोळ्यावर लेसर

आमच्या घरात डोळ्यांच्या दोनच तक्रारी सगळ्यांना माहीत होत्या, नंबर आणि मोतिया. नंबर लागला की चष्मा करायचा, मोतिया पिकला की ऑपरेशन करायचं. दोन्हींत माणसाला कमी दिसू लागतं, मग तो दवाखान्यात जातो आणि त्याला पुन्हा दिसू लागतं. डोळ्यांचा इलाज म्हणजे हाच क्रम, अशी आमच्या मोहल्ल्यातल्या बहुतेकांची समजूत आहे. ज्या डोळ्याला चांगलं दिसतं त्यालाही इलाज लागतो, ही गोष्ट या समजुतीत कुठे बसतच नाही.

माझ्या अम्मीच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट समोर आली. अम्मीला शुगर आहे, सतरा वर्षांपासून. गोळ्या चालू, महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासणं चालू. मधल्या काळात दोनदा चष्म्याचा नंबर बदलून झाला होता. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतात, डोळ्याच्या आतला पडदा तपासत नाहीत. ते काम वेगळं, त्याची माणसं वेगळी, यंत्रं वेगळी. पण "डोळे तपासून आणलेत" हे वाक्य दोन्हींसाठी एकच वापरलं जातं आणि घरातल्यांचं त्यावर समाधान होतं.

एके दिवशी फजरनंतर तिलावत करताना अम्मीला पानावर काळे धागे दिसले. तिला वाटलं, पानावर काहीतरी पडलंय. तिने ओढणीच्या टोकाने पान पुसलं. धागे नजरेबरोबर सरकू लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते पानावर नाहीत, डोळ्यात आहेत. दुपारपर्यंत डाव्या डोळ्यासमोर चुलीच्या धुरासारखं काहीतरी पसरलं. दुखणं नाही, लाली नाही, पाणी नाही.

सोलापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही गेलो. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "शुगरमुळे पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या उगवल्यात. डाव्या डोळ्यातली एक फुटली आहे." पडदा हा शब्द ऐकून अम्मीला त्याही स्थितीत हसू आलं. मला म्हणाली, "आँखां कू बी पर्दा रहता क्या?"

रहता है. आणि या शब्दाची गंमत अशी की तो आपल्यासाठी परका नाही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे एका शब्दाचे दोन-तीन भाषांतले नातेवाईक शोधायची मला सवय आहे. मराठी पुस्तकात ज्याला दृष्टिपटल म्हणतात त्याला उर्दूत शबकिया म्हणतात. अरबी शबका म्हणजे जाळं. इब्न सिनाच्या काळातले हकीम डोळ्याच्या या थराला जाळ्याचा थर म्हणत. अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा जाळ्याला तिकडे रेटे शब्द होता, त्यावरून रेटिना झालं. आज जगभरातले डॉक्टर जो शब्द वापरतात तो अरबी शब्दाचा तर्जुमा आहे. डोळ्यातून काही किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसतं, हा जुना समज खोडून काढणारा इब्न अल-हैसमही याच परंपरेतला. प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो, हे त्याने अकराव्या शतकात कैरोमध्ये 'किताब अल-मनाझिर'मध्ये मांडलं. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगणारी भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. शबकिया कुठे असतो आणि शुगरने त्याचं काय होतं, हे मात्र त्या भाषणांत कधी येत नाही.

खरी अडचण दुसरीच होती. डाव्या डोळ्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण डॉक्टरबाई म्हणाल्या की नवीन रक्तवाहिन्या उजव्या डोळ्यातही आहेत, त्यावरही लेसर करावं लागेल. आणि उजव्या डोळ्याने अम्मी भिंतीवरच्या तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचत होती!

त्या रात्री घरात बैठक बसली. मोठे मामू, खाला, शेजारच्या दोघीजणी. सगळ्यांचं म्हणणं एकच, जो डोळा चांगला आहे त्याला कशाला हात लावायचा? कुणाच्या तरी नात्यातल्या कुणाचा तरी डोळा लेसरनंतर गेला होता. तो लेसरने गेला की आधीच हाताबाहेर गेला होता, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. अम्मी शेवटी म्हणाली, "बायीं तो गई, अब दायीं कू बी जलाते क्या?" या प्रश्नाला माझ्याकडे त्या रात्री उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत होतं. संमतीपत्र इंग्रजीत होतं. 'चांगल्या डोळ्याला का जाळायचं' याचा खुलासा त्यातल्या कुठल्याच ओळीत नव्हता.

दुसऱ्या खेपेला रक्तवाहिन्यांचे फोटो काढायचं ठरलं. दंडाच्या शिरेत फ्लोरेसिन नावाचा पिवळा रंग टोचतात. दहा-पंधरा सेकंदांत तो हृदयातून फिरून डोळ्यात पोचतो. निळा प्रकाश टाकला की तो हिरवट चमकतो आणि कॅमेरा एकामागून एक फोटो घेत जातो. ही युक्ती १९६१ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या हॅरॉल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी जगापुढे आणली. आधी कुणाला टोचायचं यासाठी त्यांनी नाणं उडवलं, अल्विस हरला आणि त्याच्या डोळ्याचे फोटो निघाले. तपासणीनंतर काही तास त्वचा पिवळसर दिसते आणि लघवीला रंग येतो. आम्हाला हे सांगितलं होतं, तरी घरी येताना रिक्षात अम्मी आपले हात उलटेसुलटे करून पाहत राहिली. "हल्दी की रस्म हो गई मेरी," म्हणाली.

या फोटोंनीच सगळं बदललं. डॉक्टरबाईंनी तीन-चार पेशंट बाहेर बसलेले असतानाही पडदा आमच्याकडे वळवला. हा संगणकाचा. काळ्या आभाळात विजेच्या फांद्या पसराव्यात तशा रक्तवाहिन्या उजळत गेल्या होत्या. पण काही ठिकाणी फांद्या मध्येच तुटल्या होत्या आणि पुढे नुसता अंधार होता. "इथे रक्त पोचतच नाही," बाई म्हणाल्या. त्या अंधाराच्या कडेला पांढरे पुंजके दिसत होते. पहिल्या फोटोत टिकलीएवढे, नंतरच्या प्रत्येक फोटोत थोडे मोठे, कापसासारखे पसरलेले. त्याच नव्या रक्तवाहिन्या. त्यांच्या भिंती इतक्या कच्च्या असतात की रंग आतून बाहेर झिरपतो. डाव्या डोळ्याचा फोटो रक्तामुळे अर्धा झाकलेला होता. समोर होता तो उजवा, 'चांगला' डोळा.

आता हे अम्मीला सांगायचं काम माझं होतं. शास्त्र पुस्तकात आहे तसं सांगून उपयोग नव्हता. मी तिला आमच्या नळाचं पाणी सांगितलं.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, हे अम्मीला कुणी समजावायची गरज नाही. मी म्हटलं, अम्मी, हा पडदा म्हणजे एक शहर आहे. शुगरमुळे त्याच्या कडेच्या वस्त्यांचे पाइप बंद पडलेत. पाणी नाही म्हणून त्या वस्त्या ओरडतायत, पाणी द्या, पाणी द्या. ती हाक पूर्ण शहरात ऐकू जाते. मग जागोजागी घाईघाईने चोरटी कनेक्शनं टाकली जातात. कच्चे पाइप, ना जोड पक्का ना जागा बरोबर. त्यांतून वस्तीला पाणी मिळत नाहीच, उलट पाइप फुटतो आणि रस्त्यावर चिखल होतो. तुझ्या डाव्या डोळ्यात तोच चिखल झालाय. उजव्यात पाइप टाकून झालेत, फुटायचे बाकी आहेत.

ही हाक म्हणजे काय, हे शास्त्रज्ञांनाही लगेच कळलं नव्हतं. उपाशी पडद्यातून असं काहीतरी द्रव्य सुटत असावं जे नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतं, असा अंदाज आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने १९४८ साली मांडला. १९८९ साली नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रथिन वेगळं काढलं. त्याला आज व्हीईजीएफ म्हणतात. मायकेलसनच्या अंदाजातलं मुख्य द्रव्य ते हेच, हे पुढे स्पष्ट झालं. डोळ्यात देतात ती महागडी इंजेक्शनं हेच प्रथिन अडवतात.

"तो लेसर क्या करता?" अम्मीने विचारलं. लोकांना वाटतं, लेसर फुटलेला पाइप डाग देऊन बंद करतं. या आजारात मुख्य काम ते नाही. लेसरचे ठिपके पडद्याच्या कडेकडेला, जिथे रक्त पोचत नाही त्या भागात देतात. तो उपाशी भाग शांत होतो, त्याची मागणी संपते, हाक थांबते. हाक थांबली की चोरटी कनेक्शनं आपोआप सुकत जातात. जे थोडं पाणी आहे ते मधल्या भागाला पुरतं आणि वाचायचं, माणसं ओळखायचं काम तो मधला भागच करतो. कडेचं थोडं देऊन मधलं वाचवायचं, असा हा सौदा आहे.

अम्मी बराच वेळ त्या पांढऱ्या पुंजक्यांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "देना क्या पड़ता?" हा प्रश्न तिने विचारला याचं मला आजही कौतुक वाटतं. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही आणि मीही तर्जुम्यात काही गाळलं नाही. अंधारात दिसणं कमी होईल. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायला वेळ लागेल. बाजूचं थोडं कमी दिसेल. गेलेली नजर लेसरने परत येत नाही, आहे ती टिकवण्यासाठी ते असतं. मामू मध्ये म्हणाले, इतकं सगळं सांगून कशाला घाबरवतेस? पण त्या सगळ्या बोलण्यात अम्मी पहिल्यांदा घाबरलेली दिसत नव्हती. तिला घाबरवत होतं ते न कळणं. ती म्हणाली, "रात कू मैं कहाँ जाती? पढ़ना रहे तो बस."

इंजेक्शनांचा मार्गही बाईंनी सांगितला होता. डाव्या डोळ्यात एक दिलंही. नुसत्या इंजेक्शनांवर राहायचं तर ठरल्या तारखेला यावं लागतं, महिनोन्महिने. मध्ये खंड पडला तर आजार जोरात उलटू शकतो. ज्यांना नेमाने येणं जमेल याची खात्री नाही त्यांच्यासाठी लेसर भरवशाचं, असं त्या म्हणाल्या. उजव्या डोळ्यासाठी आम्ही लेसर निवडलं.

प्रत्यक्ष लेसर म्हटलं तर साधी गोष्ट आहे. चिरा नाही, टाका नाही, भरती होणं नाही. बधिर करणारे थेंब, हनुवटी टेकवायचं स्टँड, डोळ्यावर एक भिंग आणि मग हिरव्या प्रकाशाचे झटके. एका डोळ्याला हजार-दीड हजार ठिपके लागतात, म्हणून दोन-तीन बैठका होतात. अम्मी मनातल्या मनात तसबीह पढत झटके मोजत होती. तीनशेनंतर गिनती चुकली, म्हणाली. काही झटके टोचल्यासारखे लागले, संध्याकाळी डोकं दुखलं. तिन्ही वेळा ती चालत बाहेर आली.

प्रकाशाने पडद्यावर इलाज करायचा, ही कल्पना एका अपघातातून आली आहे. १९४५ साली सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्याने एका विद्यार्थ्याच्या पडद्यावर डाग पडला. तो पाहून गेर्ड मेयर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरच्या मनात आलं की जो प्रकाश असा डाग देतो तो हवा तिथे, हवा तेवढाच दिला तर? सुरुवातीला त्याने हॅम्बुर्गच्या इस्पितळात आरशांनी खरं ऊन आत आणून डोळ्यांवर वापरलं. ढग आले की इलाज बंद. पुढे झेनॉनचा दिवा आला, १९६० साली लेसरचा शोध लागला. अशा लेसरने डोळे खरंच वाचतात का याची अमेरिकेत मोठी पाहणी झाली. प्रत्येक पेशंटचा एक डोळा लेसर केलेला, दुसरा न केलेला. १९७६ पर्यंत फरक इतका उघड झाला की न केलेल्या डोळ्यांनाही लेसर द्यायचं ठरलं. नजर पार जाण्याचं प्रमाण लेसरने निम्म्याहून कमी झालं होतं. ज्या काळात आमच्या बैठकीतली माणसं तरुण होती, तेव्हाच हे सिद्ध झालेलं होतं.

तेव्हापासून सगळी धडपड एकाच दिशेने चालली आहे. आधी नीट पाहा, मग नेमकं तेवढ्यावरच काम करा. १९९१ साली ओसीटीची पद्धत आली. तिने पडद्याचे थर कापल्याशिवाय कापल्यासारखे दिसू लागले. तिच्याच पुढच्या रूपात, ओसीटी अँजिओग्राफीत, रंग टोचायचीही गरज नसते. वाहणाऱ्या रक्तपेशींच्या हालचालीवरून यंत्र रक्तवाहिन्यांचा नकाशा काढतं. उतारवयात पडद्याच्या मधल्या भागाखाली अशाच चुकीच्या रक्तवाहिन्या येतात, त्यातल्या काही पेशंटसाठी फोटोडायनॅमिक थेरपी आहे. वर्टेपोर्फिन हे औषध शिरेतून देतात, ते त्या रक्तवाहिन्यांत साठतं आणि तेवढ्याच जागी मंद लाल प्रकाश ८३ सेकंद टाकला की औषध जागं होऊन त्यांना आतून बंद करतं. अमेरिकेतल्या मिशिगन आणि कॅन्सस विद्यापीठांतले संशोधक त्याही पुढे गेले आहेत. लेसरचे अतिसूक्ष्म झटके आणि अल्ट्रासाउंड एकाच वेळी दिल्यावर रक्तवाहिनीच्या आत बारीक बुडबुडे होतात आणि ती बंद पडते, आजूबाजूचा पडदा शाबूत राहतो. औषध नको, सुई नको. हे काम सशांच्या डोळ्यांवर करून पाहिलेलं आहे, माणसांपर्यंत यायला वेळ आहे. पण अम्मीने विचारलेल्या 'देना क्या पड़ता' या प्रश्नाचं उत्तर लहान लहान करत नेण्याचीच ही खटपट आहे.

अम्मीच्या डाव्या डोळ्यातलं रक्त काही महिन्यांत बरंचसं विरलं, मग त्यावरही लेसर झालं. त्या डोळ्याने तिला माणसं दिसतात, अक्षरं लागत नाहीत. उजव्या डोळ्यातले पुंजके सुकले. त्या डोळ्याने ती मोठ्या अक्षरांतला मुसहफ वाचते. रात्री मात्र बाथरूमपर्यंत दिवा लावून ठेवावा लागतो. जेवढं सांगितलं होतं तेवढंच तिने दिलं.

मला वाटतं, 'फोटो पाहून इलाज' असं आपण म्हणतो तेव्हा अर्धीच गोष्ट सांगतो. फोटो डॉक्टरांचा हात हवा तिथे नेतो, हे खरंच. पण तोच फोटो पेशंटचं मनही हो म्हणण्यापर्यंत नेतो, जर कुणी तो त्याला दाखवला आणि त्याच्या बोलीत सांगितला तर. आमच्याकडे लोक इलाज नाकारतात तेव्हा त्यांना अडाणी म्हणायची पद्धत आहे. अम्मीचा नकार अडाणी नव्हता. चांगल्या डोळ्याला जाळू नये, हे तिच्याकडे असलेल्या माहितीवरून अगदी शहाणपणाचं उत्तर होतं. माहिती बदलली, उत्तर बदललं.

म्हणून वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरात शुगर आहे त्यांना, दोन गोष्टी सांगते. टाइप दोनची शुगर निघाली की त्याच वेळी पडदा तपासून घ्यायचा आणि पुढे वर्षातून एकदा, दिसत असो वा नसो. शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासून घ्यायचा. तपासायला जाताना "नंबर बघा" म्हणू नका, "पडदा बघा" म्हणा. शुगर आणि ब्लडप्रेशर आटोक्यात ठेवणं हा तर पाया आहेच, त्यावाचून लेसरही पुरं पडत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मस्जिद कमिट्यांसाठी आणि तरुण मंडळांसाठी. ईद-ए-मिलादला आपल्याकडे जागोजागी रक्तदान शिबिरं होतात, फार चांगली होतात. त्याच मांडवात पडद्याचे फोटो काढायचा एक कोपरा होऊ शकतो. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने आरोग्यसेविकांनी असे फोटो काढले आणि फोनमधल्याच प्रोग्रॅमने, इंटरनेटशिवाय, कुणाला पुढे पाठवायचं ते सांगितलं. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आहे. तेव्हा यंत्र आहे, माणसं आहेत, मांडवही आपलाच आहे. फक्त एवढं करा, फोटोची स्क्रीन पेशंटकडे वळवून ठेवा आणि तिच्या शेजारी त्याच्या बोलीत बोलणारं एक माणूस उभं करा.